‘कोल्डनेस’ला मराठीत काय म्हणाल? आणि हा ‘कोल्ड’ मुळात आला कुठून?

ओळीमागून_ओळ

नमस्कार मंडळी. चार दिवस एका वाक्यापाशी अडले आहे, म्हणून हा धागा काढतेय.

एका इंग्रजी कथेचा अनुवाद हातात आहे. यॉर्कशरमधलं खेडं, दगडी घर, दोन बहिणी. थोरलीने लग्न केलेलं नाही, धाकटी नवरा गेल्यावर माहेरी परतली आहे. भांडण म्हणावं असं काही घडलेलं नाही. दोघी एकाच टेबलाशी जेवतात, मिठाची बरणी एकमेकींकडे सरकवतात, पावसापाण्याचं बोलतात. आणि मध्येच लेखिका एवढंच म्हणते: ‘देअर वॉज अ कोल्डनेस बिट्वीन देम.’

पहिल्या खर्ड्यात मी ‘त्या दोघींमध्ये एक थंडपणा होता’ असं लिहून मोकळी झाले. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. तिने निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘म्हणजे दोघी कामाला मंद होत्या का गं?’ तेव्हा लख्ख कळलं की कोशातला अर्थ बरोबर असूनही वाक्य चुकलंय. आपल्याकडे थंड माणूस म्हणजे ज्याला उठवायला दोन हाका जास्त माराव्या लागतात तो. त्याच्या पोटात माया नाही, असं ‘थंड’ म्हटल्यावर कुणाच्या मनात येत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या ‘कोल्डनेस’ला मराठीत काय म्हणाल? आणि ज्यांना व्युत्पत्ती ठाऊक आहे त्यांनी ‘कोल्ड’चं मूळ सांगावं. शब्द कुठून चालत आला हे कळल्याशिवाय मला त्याच्या जागी दुसरा ठेवायचा धीर होत नाही.

नदीकाठ

दुरावा. ‘दोघींमध्ये दुरावा आला होता.’ सरळ आहे.

बिनसाखर

अबोला?

ओळीमागून_ओळ

@बिनसाखर, अबोला नाही चालणार. त्या बोलतात. रोज बोलतात, हेच तर दुखणं आहे.

@नदीकाठ, ‘दुरावा’ मीही लिहून पाहिला. अर्थाला बराच जवळ आहे. पण दुरावा म्हटलं की मधे अंतर येतं, आणि या दोघी एका छपराखाली, एकाच चुलीच्या उबेला बसलेल्या आहेत. शिवाय अख्ख्या कथेत थंडी आहे. फरशी थंड, जिना थंड, अंथरुणात शिरताना चादर थंड. मग ती मनात शिरते. ‘दुरावा’ लिहिला की ही वाट तिथेच तुटते.

धातुसाधित

मुळाबद्दल सांगतो, कारण ते तुमच्या वाक्याच्या कामाला येईल असं वाटतंय.

‘कोल्ड’ हा अस्सल जर्मानिक शब्द आहे, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या भाषाकुळातल्या, त्यातला. जुन्या इंग्रजीत दक्षिणेकडच्या वेस्ट सॅक्सन बोलीत त्याचं रूप ‘चेआल्ड’ होतं आणि उत्तरेकडच्या अँग्लियन बोलींत ‘काल्ड’. आजचं इंग्रजी रूप अँग्लियनकडून आलं. यॉर्कशर त्याच अँग्लियन पट्ट्यातलं. म्हणजे तुमच्या कथेतल्या बहिणी ज्या मुलखात राहतात, तिथल्या बोलीनेच हा शब्द जगवला. जर्मनमध्ये ‘काल्ट’, जुन्या नॉर्समध्ये ‘काल्ड्र’, गॉथिकमध्ये ‘काल्ड्स’. सख्खी भावंडं.

या सगळ्यांच्या मागे जो इंडो-युरोपीय धातू मानतात तो ‘गेल्’, अर्थ थंड होणे, गोठणे. लॅटिनमध्ये तो ‘ग’ घेऊनच राहिला: ‘गेलू’ म्हणजे हिवाचा कडाका, ‘ग्लाकिएस’ म्हणजे बर्फ. इंग्रजीकडे येताना ‘ग’चा ‘क’ झाला. हा बदल नियमाने होतो. आपला ‘जानु’, लॅटिन ‘गेनू’ आणि इंग्रजी ‘नी’ म्हणजे गुडघा, हे त्याचंच उदाहरण. इंग्रजीत ‘नी’च्या आधी न उच्चारला जाणारा ‘के’ लिहितात ना, तो पूर्वी उच्चारला जायचा.

आता लॅटिन ‘गेलू’चा वंश बघा. जेली, जिलेटिन, जेल, इटालियन जेलातो. ‘ग्लाकिएस’वरून ग्लेशियर. डब्यातली थरथरती जेली आणि दोन बहिणींमधला ‘कोल्डनेस’ हे एका कुळातले आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘कोल्ड’च्या शेवटचा ‘ड’ हा धातूचा भाग नाही, तो प्रत्यय आहे. जर्मानिकमध्ये ‘कल्’ हे गोठणे या अर्थाचं क्रियापद, त्याला भूतकालवाचक प्रत्यय लागून विशेषण झालं. म्हणजे ‘कोल्ड’चा अक्षरशः अर्थ ‘गोठलेलं’. आधी काहीतरी वाहतं होतं, मग ते थांबलं, असं त्या शब्दाच्या पोटात आहे.

जुनी_वही

धातुसाधित, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी उठून पाणिनी काढला. एकतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

आपला ‘शीत’ शब्दही अगदी असाच घडला आहे. धातू ‘श्यै’, त्याला ‘क्त’ प्रत्यय. म्हणजे तोही भूतकालवाचक धातुसाधित. आणि पाणिनीचं एक सूत्रच आहे त्यावर: ‘द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः’ (६.१.२४). पातळ पदार्थ घट्ट होणे आणि स्पर्श, या दोन अर्थी ‘श्या’चं ‘शी’ होतं. घट्ट होण्याच्या अर्थी रूप होतं ‘शीन’, आणि परंपरेने दिलेलं उदाहरण आहे ‘शीनं घृतम्’, म्हणजे थिजलेलं तूप. स्पर्शाच्या अर्थी रूप होतं ‘शीत’: ‘शीतो वायुः’, गार वारा.

म्हणजे पाणिनीला थंड आणि थिजलेलं ही एकाच धातूची दोन रूपं दिसत होती. तिकडे ‘गेल्’वरून कोल्ड आणि जेली, इकडे ‘श्यै’वरून शीत आणि शीन. दोन्ही धातूंचं एकमेकांशी नातं नाही. माणसांनी मात्र दोन्हीकडे तेच पाहिलं. पहाटे भांड्यातलं तूप पाहिलं.

आणखी एक. अमरकोशात थंड या अर्थाचे सात शब्द एका जागी दिले आहेत: सुषीम, शिशिर, जड, तुषार, शीतल, शीत, हिम. त्यातला तिसरा पाहा. जड! आज आपण वजनाला जड म्हणतो, पण संस्कृतात जड म्हणजे थंड, थंडीने बधिर झालेला, म्हणून न हलणारा, म्हणून बुद्धीने मंद. सरस्वतीच्या प्रार्थनेत आपण लहानपणी ‘निःशेषजाड्यापहा’ म्हणायचो, ते जाड्य हेच. हिंदीत हिवाळ्याला ‘जाड़ा’ म्हणतात, तो याच ‘जाड्य’चा.

बिनसाखर

धातुसाधितकाका, मग ‘जड’ आणि ‘कोल्ड’ एकच का? ज, ग, क असा बदल होतो म्हणालात ना वर. जानु, गेनू, नी.

धातुसाधित

चांगला प्रश्न. ‘ज’ जुळतो हे खरं, आणि काही जुन्या अभ्यासकांनी हे नातं सुचवलंही होतं. पण पुढचा ‘ड’ नियमाने बसवून दाखवता आला पाहिजे, आणि तिथे ते अडतं. म्हणून मी ‘जड’ला या कुळाच्या यादीत घेत नाही.

आवाज जुळला म्हणून नातं लागत नाही, याचं घरातलंच उदाहरण: ‘शीत’ म्हणजे थंड, आणि ताटात राहिलेलं भाताचं शीत. दोन्ही अगदी सारखे ऐकू येतात. पण भाताचं शीत ‘सिक्थ’वरून आलं आहे, थंडीशी त्याचा संबंध नाही.

पक्की नाती हवी असतील तर ‘हिम’ घ्या. हिमावरून आपलं हिंव, हिवाळा, हिवताप. त्याच मुळाचा लॅटिन ‘हिएम्स’ म्हणजे हिवाळा, आणि त्याच्याच विशेषणावरून इंग्रजी ‘हायबरनेट’. रशियन ‘झिमा’, फारसी ‘झमिस्तान’, दोन्ही हिवाळाच. संगणक बंद करताना ‘हायबरनेट’ दिसतं ना, त्यात हिमालयातलं हिम आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. दोन शब्दांबद्दल बोलायचंय.

पहिला सोपा. इंग्रज सर्दीला ‘अ कोल्ड’ म्हणतो, हा अर्थ सोळाव्या शतकातला. आपण ‘सर्दी’ म्हणतो, ती फारसी ‘सर्द’वरून, सर्द म्हणजे थंड. दोन्हीकडे दुखण्याला थंडीचंच नाव.

दुसरा शब्द ‘फ्रिजिड’. लॅटिन ‘फ्रिगस’ म्हणजे थंडी, त्यावरून ‘फ्रिगिदुस’. रेफ्रिजरेटर त्याच घरातला. भूगोलाच्या पुस्तकातला शीत कटिबंध, तो इंग्रजीत ‘फ्रिजिड झोन’. इथपर्यंत निरुपद्रवी आहे. पण शरीरसंबंधाची इच्छा नसलेली, या अर्थाने हाच शब्द बायकांना लावला गेला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयात एका तरुण बाईच्या कागदावर हा एकच शब्द लिहिलेला मी पाहिला. तिला काय होतंय, कुठे दुखतंय, तिच्या मनाविरुद्ध काही होतंय का, यातलं काही कुणी विचारलेलं नव्हतं. ती कागद हातात घेऊन मला विचारत होती, ‘सिस्टर, याचा अर्थ काय?’ मी तिला खरा अर्थ सांगू शकले नाही. ‘थंडी वाजते असं लिहिलंय’ म्हणाले. ते खोटं अजून माझ्या अंगावर आहे.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की इंग्रजीत सतराव्या शतकात या अर्थाने हा शब्द आधी पुरुषांना लावत. त्याआधी चर्चच्या कायद्यात तर लॅटिनमध्ये त्यावर प्रकरणच होतं, नववा ग्रेगरी या पोपच्या १२३४ सालच्या संग्रहात. ज्या नवऱ्याला शरीरसंबंध जमत नाही त्याच्याशी झालेलं लग्न रद्द करता येतं का, याचा विचार त्यात आहे. शब्द पुरुषांकडून बायकांकडे सरकला आणि विसाव्या शतकात जणू त्यांचाच झाला. आता वैद्यकाने तो सोडून दिला आहे. बोलण्यातून अजून गेलेला नाही.

ताई, तुमच्या कथेतल्या थोरल्या बहिणीला कुणी असं काही म्हणत असेल तर तिथे तरी जपून शब्द घाला.

ओळीमागून_ओळ

रात्रपाळी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. थोरलीबद्दल गावातला एक माणूस ‘कोल्ड वुमन’ असं म्हणतो एका ठिकाणी. मी तिथे ‘थंड बाई’ लिहून पुढे गेले होते. परत जाऊन बघते.

विनिपेगकर

कॅनडातून लिहितोय. इथे रोज सकाळी तापमानाशेजारी दुसरा आकडा पाहतो, ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जाणवते तो. त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल.

हा ‘चिल’ मोजायला सुरुवात झाली अंटार्क्टिकावर. पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोघा अमेरिकनांनी १९४१ च्या हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या नळकांड्यात २५० ग्रॅम पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. निष्कर्ष १९४५ मध्ये छापला. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र घेतलं. त्यासाठी टोरोंटोत स्वयंसेवकांना वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावर तापमान मोजलं होतं.

म्हणजे बघा, ‘चिल’ मोजायला माणसांनी पुन्हा तेच केलं: पाणी गोठताना पाहिलं. वर धातुसाधितांनी सांगितलेला ‘गेल्’ तो हाच.

मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जातो तेव्हा उणे ३०च्या खाली पहिला श्वास घेतला की नाकातले केस एकमेकांना चिकटतात. पापण्यांवर आपल्याच वाफेचं दव गोठतं. उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही एकच होतात, तेव्हा शेजारची आजी आणि मी एकाच आकड्यात बोलतो. इतक्या थंडीत राहिल्यावर इथली माणसं प्रेमाला ‘वॉर्म’ का म्हणतात ते कळतं. दार उघडून कुणी आत घेतलं, एवढ्यात सगळं येतं.

बिनसाखर

पण मग ‘चिल’ आणि ‘कूल’ चांगल्या अर्थाने कसे वापरतात? आमच्या हॉस्टेलला तर ‘तो लई चिल माणूस आहे’ ही मोठी स्तुती आहे. आणि ‘कोल्ड’ म्हटलं की शिवी.

धातुसाधित

कोल्ड, कूल, चिल ही एका आईची तीन मुलं. जुन्या इंग्रजीत ‘चिल’ होतं, मग १४०० च्या सुमारास ते नाम जवळजवळ नाहीसं झालं, ‘कोल्ड’ने त्याची जागा खाल्ली. दोनशे वर्षांनी ते क्रियापदावरून परत आलं. निवांत होण्याचा अर्थ मात्र अगदी अलीकडचा, १९७० च्या दशकाच्या शेवटचा, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतला. ‘कूल’ची स्तुतीही तिथूनच आली, जॅझच्या लोकांकडून, १९४० च्या आगेमागे ती सगळीकडे पसरली.

रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन या कला-अभ्यासकाने १९७३ मध्ये याची पाळंमुळं पश्चिम आफ्रिकेत शोधली. योरुबा भाषेत ‘इतुतु’ म्हणजे शीतलपणा, आणि तो माणसाच्या स्वभावातला मोठा गुण मानतात: संकटातही न ढळणारा, सौम्य चेहरा. हे मला पटतं. उन्हाच्या देशात गारवा ही देणगी असते. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी ती जाणीव इंग्रजीत नेली आणि थंड देशाच्या शब्दाला उन्हाच्या देशाचा अर्थ दिला.

नदीकाठ

मग आपलं ‘निवणं’ तेच की. डोळे निवले, जीव निवला, मन निवलं. निवणे म्हणजे गार होणे, आणि त्याहून मोठं समाधान मराठीत नाही. म्हणजे तुमचा ‘थंडपणा’ दोन्ही बाजूंनी चुकतो, ताई.

शेळपाणी

फोंड्याहून. आमच्या कोंकणीत थंड म्हणजे ‘शेळ’. शेळें उदक म्हणजे गार पाणी. ‘शीतल’चं शेळ झालं. आणि मराठीत त्याच ‘शीतल’चं झालं ‘शिळा’! शिळी भाकरी म्हणजे मुळात गार झालेली भाकरी. शितळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं खायचं असतं, त्यात शीतल आणि शिळं दोन्ही एका ताटात येतात.

माझी सासू घाटावरची. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, ‘आई, शेळें उदक दिवं?’ त्यांना वाटलं मी शिळं पाणी देतेय. त्या दिवशी तांब्या हातात घेऊन आम्ही दोघी बराच वेळ उभ्या होतो. आता त्या स्वतःच ‘शेळ पाणी दे’ म्हणतात.

माणदेशी

उशिरा आलो धाग्यावर, पण मला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी शोधतोय.

आमच्याकडे आटपाडी-म्हसवडच्या बाजूला माया नसलेल्या माणसाला कुणी थंड म्हणत नाही. ‘कोरडा’ म्हणतात. कोरडा माणूस. कोरडी चौकशी. कोरडं बोलणं. आणि माया असली तर ओलावा. ‘त्या घरात ओल आहे’ म्हणतात, म्हणजे तिथे गेलात तर पाणी विचारतील. मन पाझरतं, काळीज द्रवतं, दगडाला पाझर फुटतो, प्रेम आटतं. सगळी भाषा विहिरीची आहे.

माझे वडील गेले तेव्हा एक चुलते भेटायला आले. खुर्चीच्या काठावर बसले, चप्पल काढली नाही. ‘केव्हा झालं, दवाखाना कुठला, किती खर्च आला’ एवढं विचारलं आणि कपातला चहा अर्धा ठेवून उठले. ते गेल्यावर आजी एवढंच म्हणाली, ‘कोरडाच आला आन् कोरडाच गेला.’ बाहेर चाळीस अंशाचं ऊन होतं. त्या चुलत्याला इंग्रज ‘कोल्ड’ म्हणाला असता. आजीला थंड हा शब्द सुचणंच शक्य नव्हतं, आम्ही तर थंडाव्यासाठी जीव टाकत होतो.

इंग्रज माणूस मायेला थर्मामीटर लावतो. आपण विहिरीत पोहरा सोडून बघतो, पाणी आहे का.

तेव्हा ‘दोघींच्या बोलण्यात कोरडेपणा आला होता’, असं लिहा.

विनिपेगकर

हे वाचून थांबलो. +१.

रात्रपाळी

पण ‘मायेची ऊब’ म्हणतोच ना आपण? गोधडीची, आजीच्या कुशीची?

माणदेशी

म्हणतो. ऊब आहेच. पण तिच्या उलट काय म्हणतो ते बघा. ‘मायेची थंडी’ कुणी म्हणतं का? ऊब गेली तर माणूस पोरका होतो, उघडा पडतो. थंड होत नाही. वर्तमानपत्रात ‘थंडा प्रतिसाद’ येतो तो इंग्रजीवरून उचललेला आहे. ‘शीतयुद्ध’ही तसंच, पण ते आता मुरलं.

जुनी_वही

माणदेशी, तुम्ही जे बोललात ते संस्कृतातही आहे. ‘स्नेह’ म्हणजे प्रेम, आणि स्नेह म्हणजे तेल. दिव्यात घालतात तोही स्नेहच. स्निग्ध म्हणजे तेलकट आणि प्रेमळ, रूक्ष म्हणजे कोरडा आणि मायेने न बोलणारा. ओलं आणि कोरडं, हीच मोजणी इथे फार जुनी आहे.

धातुसाधित

आणि इंग्रजीतली थंडीची मोजणीही तितकीच मुरलेली आहे. भावनेने न हलणारा, या अर्थी ‘कोल्ड’ बाराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो. ‘कोल्ड शोल्डर देणे’ म्हणजे मुद्दाम तुटकपणे वागणे, हा वाक्प्रचार वॉल्टर स्कॉटच्या १८१६ सालच्या ‘द अँटिक्वरी’ या कादंबरीत आहे, स्कॉटिश उच्चाराने. नको असलेल्या पाहुण्याला मेंढीच्या खांद्याचं गार मांस वाढत, त्यावरून तो आला, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. तिला आधार नाही. स्कॉटच्या वाक्यात जेवण नाही, खांदा माणसाचा आहे, पाठ फिरवण्याचा.

ओळीमागून_ओळ

मंडळी, काल रात्री सगळं पुन्हा वाचलं. माणदेशींचा ‘कोरडेपणा’ वाचून आधी वाटलं, झालं, हाच. आईलाही वाचून दाखवला, ती लगेच ‘हां, हे बरोबर’ म्हणाली. गावातला माणूस थोरलीला ‘कोल्ड वुमन’ म्हणतो तिथे मी आता ‘कोरडी बाई’ लिहिलंय. रात्रपाळी, त्यात तो दुसरा डागही लागत नाही.

पण या एका वाक्यात कोरडेपणा घालताना हात अडला. यॉर्कशरमध्ये बारा महिने ओल आहे. भिंतींना ओल, कपड्यांना ओल, पुस्तकांना बुरशी. त्या घरात कोरडं असं काही नाहीच. ‘कोरडेपणा’ लिहिला तर दोघी आटपाडीत येतात.

मग धातुसाधित आणि जुनी वही यांची पोस्ट आठवली आणि कथेचं ते पान पुन्हा काढलं. ज्या वाक्याने मला अडवलं त्याच्या दोन ओळी आधी काय आहे ते मी नीट पाहिलंच नव्हतं. स्वयंपाकघरात फळीवर मातीचं एक वाडगं आहे. रविवारी मांस भाजताना सुटलेली चरबी त्यात ओतून ठेवतात, तिला ‘ड्रिपिंग’ म्हणतात आणि ती पावावर लावून खातात. थोरली ती गरम असताना वाडग्यात ओतते. धाकटी काहीतरी बोलते. थोरली उत्तर देत नाही. दोघी वाडग्याकडे बघत राहतात, काठाकडून पांढरा थर मधे सरकत येतो. आणि मग ते वाक्य.

शीनं घृतम्! लेखिकेने ते तिथेच ठेवलं होतं.

आता असं लिहिलंय: ‘दोघींच्या मधलं काहीतरी थिजलं होतं.’

तूप थिजतं, माणूसही थिजतो, तेव्हा मराठी वाचकाला वाडगं आणि बहिणी दोन्ही एकदमच दिसतील असं वाटतं.

जुनी_वही

उत्तम. बदलू नका.

माणदेशी

माझा कोरडेपणा मागे घेतो. ताई, हे बरोबर आहे. हिवाळ्यात आमच्याकडे खोबरेल तेलाची बाटली सकाळी थिजलेली असते, आई ती उन्हात अंगणात ठेवते आणि तासाभराने परत आत नेते. थिजलेलं परत वितळतं. आटलेलं तसं परत येत नाही. तुमच्या बहिणींचं पुढे काय होतं?

ओळीमागून_ओळ

शेवटच्या पानावर धाकटी ते वाडगं चुलीच्या कडेला सरकवून ठेवते. काही बोलत नाही.

नदीकाठ

‘काहीतरी’ काढून बघा ना. ‘दोघींच्या मधलं थिजलं होतं’ नुसतंच?

ओळीमागून_ओळ

पाहिलं करून. ‘काहीतरी’ हवंय. काय थिजलं ते त्या दोघींनाही माहीत नाही. उद्या प्रकाशकाकडे पाठवतेय. वाडग्याला ‘सट’ लिहू की ‘वाडगं’च ठेवू, एवढं कुणी सांगा.

शेळपाणी

वाडगं.